वयाची अट खाली आणण्याआधी पंधरा दिवसांचा हिशेब मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्याची बातमी आपल्या अंकात आली की चार-आठ दिवसांत वाचकांची पत्रे येतात. मागणी बहुतेक एकच असते: अठराची अट चौदावर आणा, म्हणजे पोरांना धाक बसेल. ज्यांच्या घरातले माणूस गेले किंवा ज्यांच्या मुलाच्या डोक्यात कोयता बसला, त्यांना राग आवरा असे सांगण्याचा कुणालाच अधिकार नाही. मात्र आजचा कायदा नेमका काय सांगतो, तो कुठे गळतो आणि का गळतो, हे त्या पत्रांत नसते आणि बऱ्याचदा बातमीतही नसते. ते नीट मांडायला जागा लागते, म्हणून पत्र लांबले आहे. शक्यतो काटछाट न करता छापावे, ही विनंती.

आधी वयाचे पाहू. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा अशी मर्यादा होती. २००० साली ती दोघांनाही अठरा झाली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले त्यातल्या सहा जणांपैकी एक सतरा वर्षांचा होता, आणि त्यावरून उठलेल्या वादळातून सध्याचा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आला. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सोळा पूर्ण केलेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याचे प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर, पाठवण्याची सोय या कायद्यात आहे. तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. एकवीस वर्षांपर्यंत त्याला ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवायचे, त्यानंतर त्याच्यात काय बदल झाला ते तपासायचे, आणि न्यायालयाला पटले नाही तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, एवढे दोनच दरवाजे बंद आहेत. म्हणजे पत्रलेखक जे मागतात त्यातले बरेचसे गेली कित्येक वर्षे कायद्यात आहेच.

मग तरीही मुले सुटतात असे का वाटते? इथे कायद्याची वर्गवारी समजून घ्यावी लागते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तो गुन्हा किरकोळ, तीन ते सात वर्षांचा गंभीर, आणि ज्याला किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक आहे तो निर्घृण. कमाल शिक्षा मोठी पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, किंवा सातपेक्षा कमी आहे, अशा गुन्ह्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की ते गंभीर या गटात धरावेत, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यात लिहिले गेले. आता याचा परिणाम पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा नाही, म्हणून तो गंभीर. कलम ३११ खाली, जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरले तर किमान सात वर्षे, म्हणून तो निर्घृण. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने कोयता दाखवून मोबाइल हिसकावला तर त्याचे प्रकरण सत्र न्यायालयाच्या वाटेवर जाऊ शकते, आणि त्याच मुलाने वैरातून कुणाच्या डोक्यात कोयता घातला व तो माणूस वाचला, तर जाऊ शकत नाही. ही विसंगती खरी आहे आणि ती संसदेनेच दूर करायला हवी. वयाची अट चौदावर आणून ती तसूभरही सुटणार नाही, कारण गाठ वयाशी नाही, किमान शिक्षेशी आहे.

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीच्या अपघाताचेही असेच. तीनशे शब्दांचा निबंध सगळ्या देशाच्या लक्षात राहिला. तो निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. चौकशी तेव्हा सुरूही झाली नव्हती. अट अपुरी होती हे म्हणणे वेगळे आणि ‘निबंधावर सोडला’ म्हणणे वेगळे. जुलै २०२५ मध्ये त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी बाल न्याय मंडळाने, म्हणजे अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळाने, फेटाळली, तेव्हा पुन्हा संताप झाला. पण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ ला (सदोष मनुष्यवध) किमान शिक्षाच नव्हती, हे फार थोड्या बातम्यांत होते.

उलट बाजूही सांगायला हवी. निर्घृण या गटात सर्वांत सहज जाऊन पडणारी मुले कोण? सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी घरातून निघून जातात, आठवड्याने सापडतात, मुलीचे वडील तक्रार देतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ४ खाली किमान शिक्षा दहा वर्षे. कागदावर हा मुलगा आणि खून केलेला मुलगा एकाच रकान्यात बसतात. ज्यांना वय चौदावर आणायचे आहे त्यांनी आपापल्या गावातली अशी प्रकरणे आठवून पाहावीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अल्पवयीनांविरुद्ध देशभरात ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. त्याच वर्षी देशातील एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर होते, म्हणजे हजारात पाच-सहा. शिवाय किरकोळ प्रकरणांत बहुधा गुन्हाच दाखल करायचा नसतो, म्हणून खरा आकडा याहून मोठा असणार, हेही खरे. पकडलेल्या मुलांत तीन चतुर्थांशाहून अधिक सोळा ते अठरा वयाची असतात. चौदा-पंधराची मुले या चित्रात कमी आहेत.

आता मुख्य मुद्दा. या कायद्याची सगळी इमारत एका कागदावर उभी आहे. त्याचे नाव सामाजिक तपास अहवाल. मुलाला बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा उभे केले त्या दिवसापासून पंधरा दिवसांत तो परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर), म्हणजे मुलाच्या घरची व परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मंडळाला द्यायचा असतो. त्याच्याशिवाय मंडळ जामीन देते किंवा नाकारते ते अंदाजाने, आणि शेवटचा आदेश देते तोही अंदाजाने. हा अहवाल वेळेवर येत नाही, आला तर वाचण्यासारखा नसतो, आणि वाचला तरी त्यावरून पुढे काही घडत नाही. यंत्रणेच्या अपयशाची सुरुवात कुठून होते असे विचाराल तर उत्तर हे आहे.

त्याआधी पोलीस ठाण्यातले चोवीस तास. गुन्हा निर्घृण असेल किंवा त्यात मोठी माणसे सामील असतील तरच प्रथम खबर (एफआयआर) नोंदवायची, बाकी प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या घरची माहिती नमुना १ मध्ये भरून मंडळाकडे पाठवायची, असे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, कबुलीसाठी दबाव आणायचा नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा आणि त्याने मुलाशी साध्या कपड्यांत बोलायचे. पालकांना, परिविक्षा अधिकाऱ्याला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लगेच कळवायचे, आणि चोवीस तासांत मंडळासमोर न्यायचे.

बिघडते ते वेळेच्या नोंदीत. पोराला संध्याकाळी सातला उचलले जाते आणि डायरीत नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची असते. मधले पंधरा तास कागदावर नसतातच, आणि मारहाण होते ती याच तासांत. बाल कल्याण पोलीस अधिकारी हा बहुतेक ठाण्यांत अतिरिक्त कार्यभार असतो. बंदोबस्त, तपास, समन्स हे सगळे सांभाळून, आणि प्रशिक्षण मिळाले की बदली. ठाण्यात धावत जाणाऱ्या पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात आणि लिहून घ्याव्यात: ताब्यात घेतल्याची नोंद किती वाजताची आहे, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव काय, आणि मंडळ कुठे व किती वाजता बसणार आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. आणि सोबत शाळेचा कागद न्यावा.

शाळेचा कागद म्हटल्यावर एक जून आठवतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला असतो. आई-बाप ऊसतोडीला, वीटभट्टीवर. जन्माची नोंद कुणी केलेली नाही. जूनमध्ये पटनोंदणीला गुरुजींनी सहा वर्षे पूर्ण बसतील असे वर्ष धरले आणि तारीख टाकली १ जून. पुढे पहिलीचा दाखला, तिथून सातवीचा, तिथून दहावीचा, तीच तारीख चालत राहते. दिवाळीच्या सुमारास जन्मलेला मुलगा अशाने कागदावर पाच महिन्यांनी मोठा होतो. एरवी कुणाचे काही बिघडत नाही. पण गुन्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घडला आणि कागदावर तो सोळाचा झालेला असला, तर खऱ्या अर्थाने पंधरा वर्षे सात महिन्यांच्या मुलाचे प्रकरण प्रौढांच्या वाटेवर जाऊ शकते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. हाडांच्या तपासणीतून येणारे वय दोन वर्षे इकडे-तिकडे असू शकते. आधार कार्डावरची तारीख या क्रमात कुठेच नाही. ती जन्मतारखेचा पुरावा नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. तरी ठाण्यात पहिल्यांदा आधारच मागितले जाते आणि त्यावरून मुलगा एकोणीसचा ठरून सरळ कोठडीत जातो. असे झाले तर ज्या शाळेत मुलगा पहिल्यांदा दाखल झाला तिथला प्रवेश निर्गम उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने आणावा. गुन्ह्याच्या दिवशी आपण अठराच्या आत होतो, हा दावा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, खटला संपल्यावरही.

आता त्या अहवालाकडे येऊ. नमुना ६ हा बऱ्याच पानांचा आहे. घरात कोण कोण, कोण किती शिकले, कोण काय कमावते, कुणाला काय व्यसन, मुलाने शाळा कधी आणि का सोडली, काम करतो का, मिळालेले पैसे कुठे जातात, मित्र वयाने मोठे की बरोबरीचे, घरात मारहाण होते का, कुणी मोठ्याने त्याला वापरले का, आणि शेवटी गुन्ह्यामागचे कारण व परिविक्षा अधिकाऱ्याची शिफारस. तो भरायला मुलाशी दोनदा तरी बोलावे लागते, घरी जावे लागते, शाळेत जावे लागते, शेजारी आणि कामाच्या जागी विचारावे लागते. प्रत्यक्षात पुष्कळ अहवालांत कारणाच्या रकान्यात एवढेच असते: ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे. वाईट संगतीमुळे सदर कृत्य घडले. समुपदेशनाची आवश्यकता आहे.’ नाव बदला आणि हाच मजकूर दुसऱ्या कुठल्याही मुलाला लावा, बसतो. बऱ्याचदा घरी जाणे झालेलेच नसते. मंडळाच्या आवारात, तारखेच्या दिवशी, आईला बाकावर बसवून रकाने भरलेले असतात.

यात परिविक्षा अधिकाऱ्याला दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्याच माणसाकडे बालविवाहाची तक्रार आहे, बाल संगोपन योजनेच्या गृहभेटी आहेत, न्यायालयाच्या तारखा आहेत, दर आठवड्याला वर पाठवायची माहिती आहे. पदे कंत्राटी, मानधन उशिरा. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. एका घरभेटीला दोन दिवस जातात आणि गाडी नसते. पंधरा दिवसांची मुदत ठरवताना संसदेने काही अशक्य मागितलेले नाही, पण त्या मुदतीसाठी लागणारी माणसे आणि वाहने राज्याने द्यायची असतात.

चांगला अहवाल कसा दिसतो ते एका उदाहरणाने सांगते. समजा मोबाइल हिसकावल्याच्या एका प्रकरणात तीन मुले ताब्यात आहेत. कलम एक, दुचाकी एक, रात्र एक. पहिल्याच्या शाळेचा हजेरीपट काढला तर जुलैत बावीस दिवस हजर, ऑगस्टमध्ये एकोणीस, सप्टेंबरमध्ये सहा आणि मग रिकामे रकाने. सप्टेंबरमध्ये काय झाले? वडील गवंडीकाम करताना पडले, अंथरुणाला खिळले, आणि मुलगा गॅरेजला लागला. दुचाकी गॅरेजमालकाच्या भाच्याची. दुसऱ्याचे डोळे, हाताची थरथर आणि झोपेचे वेळापत्रक पाहिले तर तो ‘बटन’ खातो, म्हणजे झोपेच्या गोळ्या, आणि पट्टीमागे त्याला रोज पैसे लागतात. तिसरा शाळेत नियमित आहे, आई पहाटे चारला फुलबाजारात जाते, रात्री घरात कुणी नसते, आणि चुलतभावाने ‘फक्त मागे बस’ म्हटले म्हणून तो बसला. तिघांच्या अहवालात ‘वाईट संगत’ लिहिले तर तिघांना एकच आदेश होईल आणि तिघांपैकी कुणालाच तो लागू पडणार नाही.

मंडळाच्या हातात कलम १८ खाली बरेच काही आहे. समज देऊन घरी पाठवणे, पालकांसह समुपदेशन, समूह समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिविक्षा, आणि शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. शिवाय शाळेत जाणे, व्यवसाय प्रशिक्षण, व्यसनमुक्ती उपचार, ठरावीक ठिकाणी न जाणे, अशा अटी जोडता येतात. पहिल्याला कुटुंबासाठी मिशन वात्सल्य या सरकारी योजनेची दरमहा ४,००० रुपयांची मदत मिळवून शाळेत परत बसवणे हा खरा उपाय. दुसऱ्याला आधी व्यसनमुक्ती, कारण गोळी सुटल्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ. तिसऱ्याला वर्षभर आजोळी ठेवणे आणि चुलतभावावर वेगळा गुन्हा. हे सगळे आजच्या कायद्यात बसते, त्याला कुठली दुरुस्ती लागत नाही. लागतो तो हजेरीपट पाहून आलेला माणूस.

सोळाच्या वरच्या मुलांच्या प्राथमिक मूल्यांकनात तर या अहवालाचे वजन आणखी वाढते. मंडळाने तीन महिन्यांत ठरवायचे असते की गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता मुलात होती का, परिणाम कळत होते का, आणि परिस्थिती काय होती. मंडळात मुलांच्या मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ च्या निकालात सांगितले. जिल्हा रुग्णालयात मुलाला एकदा नेतात, बुद्ध्यांक काढतात, आणि ‘मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त’ असे पत्र येते. बुद्ध्यांक ठीक असणे आणि त्या रात्री, त्या टोळक्यात, आपल्या कृत्याचा परिणाम कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा दुसरी विचारतो आणि पत्र पहिलीचे उत्तर देते.

जामिनाबद्दल थोडे. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीन मिळायचा असतो. नाकारायची कारणे तीनच: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. कारण लेखी द्यावे लागते. जामीन मिळूनही गरिबाचे पोर आत राहते, कारण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार सापडत नाही. अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अट बदलायची, असे त्याच कलमात आहे. आठव्या दिवशी पालकांनी किंवा वकिलाने तसा अर्ज द्यावा. तो बहुतेक वेळा कुणी देतच नाही.

बातम्यांतला एक शब्द इथे दुरुस्त करायला हवा. ‘बालसुधारगृहात रवानगी’ असे सर्रास छापले जाते. कायद्यात बालसुधारगृह नावाची संस्थाच नाही. चौकशी चालू असताना मुलगा राहतो ते निरीक्षणगृह, आदेशानंतरचे विशेष गृह, आणि निर्घृण गुन्ह्यातल्या मोठ्या मुलांसाठीचे सुरक्षित ठिकाण. अनाथ, हरवलेल्या, टाकून दिलेल्या मुलांसाठी बालगृह असते. त्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नसतो. एकाच कुंपणात, एकाच पाटीखाली निरीक्षणगृह आणि बालगृह असले की गावाच्या दृष्टीने सगळीच ‘रिमांड होमची पोरे’ होतात, आणि आई वारली म्हणून तिथे आलेल्या मुलालाही शाळेत त्याच नावाने हाक पडते.

निरीक्षणगृहात प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा, नमुना ७, करायचा असतो. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि नंतर दरमहा त्याच्या प्रगतीची नोंद. दहावीतला मुलगा सप्टेंबरमध्ये आत आला तर कुणाच्या तरी डोक्यात यायला हवे की याचा शाळेतून परीक्षेचा अर्ज जाणार की सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. मुदत निघून जाते, वर्ष जाते, आणि बाहेर आल्यावर तो शाळेत परत जात नाही. आराखड्यात मात्र ‘शिक्षणात रस आहे’ असे लिहिलेले असते. पुढे मुलगा अठराचा होऊन संस्थेतून बाहेर पडला की अनुरक्षण सुरू व्हायला हवे: एकवीसपर्यंत, खास कारण असेल तर तेवीसपर्यंत, राहायला जागा, काम शिकणे, मिशन वात्सल्यखाली महिन्याला ४,००० रुपये. जिल्ह्याजिल्ह्यात ‘परिविक्षा व अनुरक्षण संघटना’ अशा पाट्या आहेत. त्यातल्या दुसऱ्या शब्दासाठी पैसा, माणूस, खोली यांतले काय आहे, हे त्या त्या जिल्ह्याने सांगावे.

मुलांना पुढे करणाऱ्या मोठ्यांबद्दल कडक व्हायला कायद्याने भरपूर जागा दिलेली आहे आणि ती फारच कमी वापरली जाते. बालकाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड. न्याय संहितेच्या कलम ९५ खाली मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन वर्षे, कमाल दहा. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्याच कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. ‘अठराच्या आतला पाठव, तो लगेच सुटतो’ असे टोळ्या म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मग पाठवणाऱ्याला ही कलमे लागायला नकोत? वरच्या उदाहरणातला चुलतभाऊ आणि दुचाकीचा मालक दोषारोपपत्रात दिसायला नकोत? चांगला सामाजिक तपास अहवाल त्यांची नावे पुढे आणतो, आणि म्हणूनही तो पंधरा दिवसांत यायला हवा. महिन्याने त्या दुचाकीवर दुसराच मुलगा बसलेला असतो.

आपल्या वार्ताहरांना एक कळकळीची विनंती. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापू देत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव टाळून ‘अमुक वाडीतला, अमुक विद्यालयात दहावीत शिकणारा, माजी सरपंचाचा मुलगा’ असे छापले तर दोनशे घरांच्या वाडीत काय लपते? पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तसे आले असले तरी छापण्याची जबाबदारी अंकाचीच राहते. हाच तपशील पुढे वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो. प्रकरण निकाली निघालेल्या मुलाची नोंद चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी उघड करायची नाही, असे याच कलमात पोलिसांना सांगितले आहे, आणि प्रौढ म्हणून खटला चाललेली प्रकरणे सोडली तर नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. तरीही बावीस वर्षांच्या तरुणाला सुरक्षारक्षकाची नोकरी नाकारली जाते ती पंधराव्या वर्षीच्या नोंदीमुळे. त्याने लेखी अर्जात कलम ७४(२) आणि कलम २४ चा उल्लेख करून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाकडे दाद मागावी.

चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ प्रकरण तेवढ्यात संपले नाही तर ते बंदच करायचे, असे कायदा सांगतो. प्रलंबित प्रकरणांची माहिती मंडळाने दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, म्हणजे माहिती जमा होतेच. ती मागायला कुणाही मुलाचे नाव-गाव लागत नाही. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा: गेल्या वर्षात किती सामाजिक तपास अहवाल मागवले गेले, त्यातले किती पंधरा दिवसांत आले, किती घरभेटींचा प्रवासखर्च मंजूर झाला, परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे किती आणि भरलेली किती. आपल्या दैनिकाचे जिल्हा वार्ताहर हे काम वाचकांपेक्षा लवकर करू शकतील. पुढच्या वेळी अशा गुन्ह्याची बातमी पहिल्या पानावर घ्याल तेव्हा दिनदर्शिकेवर सोळावा दिवस खूण करून ठेवा, आणि त्या दिवशी हे चार आकडे छापा.

आपली विश्वासू,
बाल न्याय मंडळासमोर काम करणारी एक वकील, सातारा